लिनसाहेबांचं आकाश, मावशींचा बांध

अकोल्याला परत येऊन आठ दिवस झाले आणि भेटेल तो एकच विचारतो, "मॅडम, उडलात का?" उडले. पण सगळं मिळून हवेत होते ती जेमतेम चार मिनिटं, आणि गेले होते सहा दिवसांसाठी. उरलेल्या वेळात काय झालं हे कुणीच विचारत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी सव्वीस वर्षं नववी-दहावीला भौतिकशास्त्र शिकवलं. विमान का उडतं, पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी कसा होतो, हे फळ्यावर इतक्यांदा काढलं की झोपेतही काढीन. स्वेच्छानिवृत्तीच्या निरोप समारंभात एका जुन्या विद्यार्थ्याने माइकवरून विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः कधी उडलात?" सगळं सभागृह हसलं. मीही हसले, घरी आले आणि कामशेतच्या एका पॅराग्लायडिंग वर्गात नाव नोंदवलं. नवऱ्याने फॉर्म शांतपणे वाचला. 'आपत्कालीन संपर्क' या रकान्यापाशी थांबून म्हणाला, "इथे माझंच नाव का?"

सोमवार, कामशेत

आमच्याकडे जमीन परातीसारखी सपाट. नजर टाकली की ती थेट दुसऱ्या तालुक्यात जाऊन थांबते. कामशेतला स्टेशनातून बाहेर पडले तर समोर डोंगर, मागे डोंगर, आणि मधल्या जागेत हायवे, रेल्वे आणि वडापावच्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या. जानेवारीचं ऊन होतं, पण वाऱ्याला धार होती. मी सवयीने स्कार्फ गुंडाळला, तर रिक्षावाला म्हणाला, "मावशी, हितं ऊन लागत न्हाई." बावीस वर्षांच्या पोराने मावशी म्हटल्याचा राग गिळायला मला पूल येईपर्यंतचा वेळ लागला.

राहण्याची सोय हौसामावशींकडे होती. गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. मावशी साठीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या हातांकडे बघणाऱ्या. मुलगा चाकणला कंपनीत, फक्त शनिवारी संध्याकाळी यायचा. घराच्या दोन खोल्या त्यांनी उडायला येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली कोनाड्यात बुद्धाची पांढरी मूर्ती, पुढे झेंडूची दोन फुलं.

त्या कोनाड्यासमोर एक गृहस्थ हात जोडून उभे होते. साठीचे, ताठ, डोक्यावरचे पांढरे केस अगदी बारीक कापलेले. वळून त्यांनी मला कमरेतून वाकून नमस्कार केला आणि इंग्रजीत म्हणाले, "लिन. तैवान. जय भीम."

दुपारपासून मावशींनी त्यांना एवढंच शिकवलं होतं. हा महाराष्ट्रातला सर्वसाधारण नमस्कार आहे असं त्यांनी गृहीत धरलं आणि पुढचे पाच दिवस पोस्टमन, चहावाला, लोणावळ्याचा पोलीस, कुणालाही सोडलं नाही. मी सांगितलं, की 'लीन' म्हणजे मराठीत नम्र. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, "हे माझ्या बायकोला कळता कामा नये. ती हसेल."

त्यांची मुलगी आंबीच्या एका कारखान्यात इंजिनियर. तिच्याकडे दोन महिन्यांसाठी आलेले. पण पहाटेपासून हातात फोन धरून बसायचे, म्हणून तिने वैतागून इथे आणून सोडलेलं.

रात्रीच्या जेवणाला तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी आणि सुकटाची चटणी. मी शाकाहारी, त्यामुळे सुकटाच्या वासाने थोडी मागे सरकले. लिनसाहेब मात्र ताटावर ओणवे होऊन ओरडले, "हे आमचं आहे! हे आमच्या आईचं आहे!" मी भाषांतर केलं. मावशी शांतपणे म्हणाल्या, "त्यांच्या आईचं न्हाई, कामशेतच्या बाजारातलं हाय. पन घ्या म्हणावं आनखी."

जेवायला आमची शिक्षिकाही होती. पूनम, चोवीस वर्षांची, शेजारच्याच वाडीची. पाच वर्षं ती लोकांना डोंगरावरून ढकलते आहे, हे तिचंच वाक्य. तिने सहज विचारलं, "सर, तुमी आधी काय करत होता?"

"वायुदलात होतो. लढाऊ विमान."

पूनमचा घास हातातच राहिला. "म्हंजे मी तुमाला उडायला शिकवायचं?"

लिनसाहेब उभे राहिले, वाकले आणि म्हणाले, "हो, बाई."

मंगळवार, टेकडी

पॅराग्लायडिंगचं सगळं रहस्य पळण्यात आहे, हे मला फळ्याने कधी सांगितलं नव्हतं. मागे कापडाचा पंख अंथरलेला, दोऱ्या अंगाला बांधलेल्या, आणि उताराच्या दिशेने आपण पळायचं. पंख डोक्यावर आला तरी पळायचं. पाय जमिनीवरून सुटले तरी पळायचं. शरीराचा प्रत्येक कण सांगतो की थांब, पुढे दरी आहे. आणि पूनम मागून ओरडते, "पळा, मॅडम, पळा! बस चुकतीय असं समजा!"

मी पहिल्या खेपेला पळाले, पंखाने मात्र माघार घेतली. मी पुढे, तो मागे, आणि वाऱ्याने मला गवतातून उलटी ओढत नेलं. क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात, हे वाळक्या कुसळांसकट अंगावर शिकले.

लिनसाहेबांची अडचण वेगळी. ते पळतच नव्हते. ताठ मानेने चार पावलं चालायचे आणि उभे राहायचे.

"सर, काय झालं?"

"इंजिनाची वाट बघतोय."

"इंजिन न्हाई. तुमीच इंजिन."

सातव्या खेपेला ते पळाले. पंख उठला, पाय सुटले, आणि तैवानच्या वायुदलाचा निवृत्त वैमानिक साधारण चाळीस सेकंद मावळावर तरंगला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पूनमने खालच्या माळाकडे बोट दाखवून "डावी ओढा! डावी!" असं ओरडून सांगितलं. साहेबांनी उजवी ओढली आणि ते थेट हौसामावशींच्या हरभऱ्यात उतरले.

मावशी तिथेच होत्या. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा लिनसाहेब तिसऱ्यांदा वाकत होते आणि मावशी त्यांच्या पायाखालची रोपं मोजत होत्या. "अकरा," त्या म्हणाल्या. मग काय वाटलं कोण जाणे, त्याच मोडलेल्या रोपांची जुडी त्यांच्या हातात दिली. "मोडलंच हाय तर खावा."

बांधावर बसून आम्ही ओला हरभरा सोलत बसलो. मावशींची जमीन बावीस गुंठे. सासऱ्यांनी रेल्वेत गँगमनची नोकरी करून घेतलेली. बांधाच्या पलीकडे एका बंगला-योजनेची मोठी जागा, दोन टेकड्या आणि मधला ओढा सगळा त्यांचा. बांधाच्या टोकाला हद्दीचा दगड, मावशींनी चुना लावून पांढरा केलेला.

"रोज सकाळी येऊन बघते," त्या म्हणाल्या. "दगड हाय का न्हाई. गेल्या साली बांध येक हात हिकडं आला. बांधाला पाय असत्यात व्हय? आता सरकारी मोजणी लावलीय मी. शुक्कारी येनारेत."

मी हे लिनसाहेबांना सांगितलं. त्यांनी दगडाकडे बराच वेळ पाहिलं.

मग मावशींनी विचारलं, "तुमच्या देशाला शेजारी कोन?"

त्यांनी जमिनीवर एक हरभऱ्याचा दाणा ठेवला. शेजारी सोललेल्या सगळ्या घाट्यांच्या टरफलांचा ढीग लावला. दाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आम्ही." ढिगाकडे बोट दाखवून, "ते."

"आगं बया," मावशी म्हणाल्या. "मग अजून घेतला कसा न्हाई त्यानं?"

हा प्रश्न मी जरा सभ्य करून विचारला. लिनसाहेब हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं मराठीत केलं. मधे समुद्र आहे. समुद्राच्या मधोमध एक रेघ आहे, पण ती कुणी काढलेली नाही, दिसत नाही, फक्त दोघांना माहीत. शेजाऱ्याची विमानं त्या रेघेपर्यंत येतात. आजकाल ओलांडूनही येतात. रोज. ती आली की भोंगा वाजतो आणि आमच्यातला कुणीतरी वर जातो. त्याच्याकडे विमानं पुष्कळ, आमच्याकडे थोडी, आणि माझ्या काळातली तर इतकी जुनी, की मेकॅनिक त्यांना आजोबा म्हणायचे. वर जायचं, त्याच्या बाजूने उडायचं, त्याला दिसायचं. बास.

"गोळी न्हाई मारायची?"

"कधीच नाही. गोळी मारली तर आम्ही हरलो. आणि वर गेलो नाही तरी हरलो."

"मग वर जाऊन करता काय?"

लिनसाहेबांनी ढिगासमोरचा दाणा बोटाने सरळ केला. "घरात माणूस आहे, हे दाखवतो."

मावशींनी मान हलवली, जसं काही त्यांना हे आधीपासूनच ठाऊक होतं. "रोज जावं लागत आसंल."

"रोज. आता माझा मुलगा जातो."

पहाटेच्या फोनचा अर्थ मला तेव्हा लागला. मुलगा पाळी संपली की एकच शब्द पाठवतो, 'सुटलो'. तो शब्द आला की लिनसाहेब चहा पितात. त्या दिवशीचा आलेला होता.

बुधवार, वडगाव आणि लोणावळा

वारा पडला. पूनम म्हणाली, आज पान हलत न्हाई, तुमी काय हलणार. मावशींना मोजणीची खात्री करायला वडगावला जायचं होतं, आम्हीही निघालो. लिनसाहेबांचा चहा साडेपाचलाच झाला होता, त्यामुळे स्वारी खुशीत.

वडगाव मावळ म्हणजे आमच्या कुठल्याही तालुक्याच्या गावासारखं. कोर्ट, तहसील, झाडाखाली अर्ज लिहून देणारे, आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी धरलेली माणसं. फरक एवढाच, की अकोल्यात पिशवीत एक सातबारा असतो, इथे सातबाऱ्याबरोबर एखाद्या बंगला-योजनेचं गुळगुळीत रंगीत पत्रकही असतं. मोजणीच्या कार्यालयातल्या बाईंनी रजिस्टर उघडून नीट सांगितलं. शुक्रवार, दुपारी दोन. दोन्ही बाजूंना नोटिसा पोचल्या आहेत.

"त्यांना बी पोचली?" मावशींनी विचारलं.

"पोचली. सही आहे."

बसस्टँडवर मावशी म्हणाल्या, "नोटीस पोचली म्हंजे त्यांना कळलं, शुक्कारी दोनच्या आत काय करायचं ते."

त्या परत गेल्या, आम्ही दोघं लोणावळ्याला. भुशीचं धरण जानेवारीत पाहावं असं कुणी सांगत नाही, कारण पाहण्यासारखं काही नसतं. कोरड्या पायऱ्या, आणि त्यांवर पावसाळ्याची वाट बघत बसलेली माकडं. आम्ही दोघंच पर्यटक, म्हणजे माकडांचं सगळं लक्ष आमच्यावर. लिनसाहेबांची टोपी गेली. एक मोठं माकड ती घालून वरच्या पायरीवर बसलं. साहेब त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून दहा मिनिटं नुसते उभे राहिले, न हलता, न ओरडता. माकडाला कंटाळा आला आणि ते टोपी टाकून गेलं.

"पाहिलंत?" साहेब टोपी झटकत म्हणाले. "तीस वर्षांचा अनुभव आहे."

बाजारात चिक्कीच्या दुकानात ते पुन्हा "हे आमचं आहे!" म्हणून ओरडले. त्यांच्याकडेही शेंगदाण्याची चिक्की असते म्हणे. ती किसून, आइसक्रीम आणि कोथिंबीर घालून पातळ पोळीत गुंडाळतात. मी हे दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, "चिक्कीत कोथिंबीर?" आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू ही कल्पना माझीच आहे. पैसे देताना त्याने विचारलं, "साहेब चायनाचे का?"

हा दिवसभरातला पाचवा प्रश्न होता. रिक्षावाला, कणीसवाली, फोटोवाला, आणि रस्त्यातून "चिंग चाँग" करत गेलेली मुलं. दर वेळी लिनसाहेब हसून म्हणायचे, "तैवान." दर वेळी समोरचा म्हणायचा, "तेच ते." मला लाज वाटत होती. तसं त्यांना म्हटलं, तर ते म्हणाले, "सोडा. जगात बहुतेक सगळे असंच म्हणतात. हे लोक निदान चिक्की तरी देतात."

गुरुवार

मी उडले. याच वाक्यासाठी गेले होते, त्यामुळे ते एकटंच लिहिते. सलग दोन मिनिटं. खाली गवत, मेंढ्या आणि पूनमचा आवाज. वर गेल्यावर एकही सूत्र आठवलं नाही. माझी चप्पल खाली पडते आहे हे दिसलं आणि मला हसू आवरेना. बूट घालायचे असतात, हेही पूनमने चार वेळा सांगितलेलं.

संध्याकाळी पूनम वेगळाच चेहरा घेऊन आली. जेसीबी चालवणारा संतोष तिच्या आत्याच्या गावचा, आंबीचा. त्याने तिला सांगितलं होतं, उद्या सकाळी आठ वाजता बांधाच्या बाजूने चर खणायचं काम आहे. पाइपलाइनचं. बंगला-योजनेच्या सुपरवायझरने दाखवलेल्या रेघेत तो दगडही येतो.

"दगड गेला, बांध गेला," मावशी म्हणाल्या, "की दुपारी मोजणीवाला येऊन काय बघनार? ते म्हननार, बांध हितं कवाच न्हवता. मग वाद, मग कोर्ट. मी कुटवर जगू?" त्या उठल्या आणि दाराच्या आडचा विळा काढला.

लिनसाहेबांना भाषांतर लागलं नाही. ते पुढे झाले आणि दोन्ही हातांनी, फार अदबीने, त्यांनी तो विळा मागून घेतला.

मग जेवणाची ताटं बाजूला सारून त्यांनी आम्हाला नियम सांगितले. मी भाषांतर करत होते, पूनम मान डोलवत होती. लवकर जायचं, त्यांच्या आधी. दिसेल असं उभं राहायचं. रेघेच्या आपल्या बाजूला. एक पाऊलही पलीकडे नाही. ओरडायचं नाही. शिवी नाही. हात लावायचा नाही. त्यांनी हात केला तर आपणही हात करायचा. एकजण थकला की दुसरा उभा, जागा रिकामी ठेवायची नाही.

"आन त्यो मशीन घेऊन अंगावर आला तर?" मावशींनी विचारलं.

"तो चालवणाराही माणूस आहे," लिनसाहेब म्हणाले. "त्याला तुमचा चेहरा दिसला पाहिजे. चेहरा दिसला की बहुतेक जण वळतात."

"बहुतेक?"

"बहुतेक."

मावशींनी ताटं उचलायला घेतली. पूनमने मात्र आणखी एक गोष्ट सुचवली, आणि ती तैवानच्या वायुदलालाही कधी सुचली नसावी.

शुक्रवार, बांधावर

साडेपाचला 'सुटलो' आला. साहेबांनी चहा घेतला, आणि सात वाजता आम्ही बांधावर होतो. पूनमने जीपमधून वर्गाचे सगळे पंख आणले होते. लाल, निळे, पिवळे, अकरा पंख. मावशींच्या हद्दीत, बांधाला लागून, दगडाच्या दोन्ही बाजूंना तिने ते अंथरले. एकेक पंख खोलीभर लांब. सगळा बांध लग्नाच्या मांडवासारखा दिसायला लागला. दगडाशेजारी मावशी घोंगडीवर बसल्या, मी त्यांच्या बाजूला, आणि लिनसाहेब टोपी घालून ताठ उभे.

आठला जेसीबी आला. संतोषने तो बांधापासून वीस पावलांवर थांबवला आणि खाली वाकून बघितलं. लिनसाहेबांनी हात केला. संतोषनेही केला.

"पूनम, ह्ये काय?"

"कापड वाळवतीय. दवानं वलं झालंय."

"उचल की. खणायचंय."

"वाळलं की उचलते. येक येक दीड-दोन लाखाचा हाय. मशीनची माती उडून भोक पडलं, तर तुझा मालक देनार का तू?"

संतोषने इंजिन बंद केलं. त्याला जणू हेच हवं होतं. खाली उतरून तो मावशींच्या थर्मासमधला चहाही प्यायला. त्याच्या बाजूच्या मातीत उभं राहून प्यायला, नियम कुणीच मोडला नाही.

नऊ वाजता सुपरवायझर आले. पांढरी गाडी, गॉगल, दोन फोन. योजनेचं मोठं फाटक बांधाच्या वरच्या टोकाशीच होतं, दोन खांब आणि त्यांवर सिमेंटचे दोन सिंह. एका सिंहाखाली उभं राहून ते तिथूनच बोलायला लागले. आधी संतोषला, मग पूनमला, मग मावशींना. मावशी गप्प. मी गप्प. सव्वीस वर्षं वर्गात आवाज चढवलेल्या बाईला गप्प बसणं किती जड जातं, ते मला त्या सकाळी कळलं. दहा वाजले. अकरा वाजले. मी उठले की पूनम बसायची, पूनम उठली की मी. सुपरवायझर तीनदा गेले आणि आले. दर वेळी लिनसाहेबांनी त्यांना हात केला आणि "जय भीम" म्हटलं.

बाराच्या सुमाराला सुपरवायझरांचा ताबा सुटला. बोट रोखून ते म्हणाले, "आणि हा चायनीज कुणी आणलाय मधे?"

आठवडाभर ज्या माणसाने हे हसून ऐकलं, माकडासमोर दहा मिनिटं श्वास रोखून धरला, तो माणूस लाल झाला. "नॉट चायना!" ते इतक्या मोठ्याने ओरडले की टेकडीवरून आवाज परत आला. "तैवान! तैवान! तैवान!" आणि रागाच्या भरात त्यांनी बांधावर पाय टाकला.

मावशींनी बसल्या जागेवरून त्यांचा सदरा धरला. "साहेब. वरडायचं न्हाई, तुमीच सांगितलं न्हवं? आन पाय हिकडं घ्या. रेघ हाय तितं."

मी भाषांतर केलं. लिनसाहेबांनी खाली पाहिलं, पाय मागे घेतला, आणि मावशींना वाकून म्हणाले, "सॉरी, कमांडर." संतोषला एवढं हसू आलं, की त्याला जेसीबीच्या मागे जावं लागलं. सुपरवायझर गाडीत बसले आणि त्यांनी एसी लावला.

दोनला दहा मिनिटं कमी असताना मोजणीचे दोघं जण मोटारसायकलवरून आले. पूनमने पंख गोळा केले. दगड जागच्या जागी, चुना लावलेला. त्यांनी नकाशा उघडला, काठीवरचं यंत्र उभं केलं आणि मोजत गेले. दगड बरोबर होता. बांध हातभर आत सरकलेला निघाला, मावशी म्हणत होत्या तसाच. मग ते वरच्या टोकाकडे गेले, फाटकाशी. तिथे त्यांनी दोनदा मोजलं. एकमेकांकडे बघितलं. तिसऱ्यांदा मोजलं आणि अलीकडच्या खांबाच्या मधोमध लाल रंगाची खूण केली.

त्यावरच्या सिंहाचे पुढचे दोन्ही पंजे आणि जबडा मावशींच्या हद्दीत होता.

सुपरवायझर म्हणाले की यावर हरकत घेऊ. मोजणीवाले म्हणाले, जरूर घ्या, तसा अर्ज असतो. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. मावशी खांबापर्यंत चालत गेल्या, सिंहाकडे वर बघितलं, आणि खांद्यावरचं भिजकं फडकं झटकून त्याच्या पंज्यावर वाळत घातलं.

शनिवार, निघायचा दिवस

माझी गाडी संध्याकाळची. वारा पहिल्यांदाच हवा तसा होता, आणि सगळ्यांनी एकदा उडून मग निरोप घ्यायचा असं ठरलं होतं. पूनम सात वाजता जीप घेऊन आली.

लिनसाहेब अंगणात बसले होते. समोर चहा, त्यावर साय धरलेली. साडेपाच होऊन गेले, सहा झाले, साडेसहा झाले. फोनवर तिकडच्या बातम्या होत्या. काल रात्री शेजाऱ्याची विमानं नेहमीपेक्षा पुष्कळच आली होती. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मुलाचा फोन लागत नव्हता. बायकोलाही काही कळलं नव्हतं.

"तुम्ही जा," ते आम्हाला म्हणाले. "वारा चांगला आहे."

कुणी गेलं नाही. पूनम जीपच्या पायरीवर बसली. मावशींनी थंड चहा उचलून नेला आणि दुसरा आणून ठेवला. आठला तोही उचलला आणि तिसरा आणला. लिनसाहेब पाठ सरळ ठेवून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. बांधावर उभे होते तसेच, फक्त इथे हात करायला समोर कुणी नव्हतं.

नऊला दहा मिनिटं असताना फोन वाजला.

त्यांनी कानाला लावला. ऐकलं. डोळे मिटले. आणि मग जो काही आवाज चढवला, की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. ती भाषा मला येत नाही, पण प्रत्येक शब्द समजला. फोनवर हात ठेवून ते आम्हाला म्हणाले, "झोपला होता! खाली उतरला, बराकीत गेला आणि झोपला! फोनची बॅटरी संपलेली!"

मावशींनी पदराला हात पुसले आणि फोन मागून घेतला. इतक्या सहज, की त्यांनी दिलाही.

"कोन रं तू?" मावशी फोनमध्ये म्हणाल्या. "बापाला येक शब्द कळवायचा न्हाई आन झोपायचं? हितं तीन चहा वाया गेलं मानसाचं. जेवला का न्हाई?"

पलीकडून एक तरुण, गोंधळलेला आवाज इंग्रजीत विचारत होता, की कोण बोलतंय. मी फोन जरा माझ्याकडे ओढला आणि एवढंच सांगितलं, की या तुझ्या वडिलांच्या मावळातल्या कमांडर, आणि विचारतायत की जेवलास का.

तो हसला आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाला. लिनसाहेबांनी सांगितलं, त्यांच्याकडेही आया-आज्या भेटल्या की आधी हेच विचारतात.

"काय म्हनतो?" मावशींनी विचारलं.

"अजून जेवला नाही म्हणतो," मी म्हणाले.

"वाटलंच," मावशी म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. "आदी जेव म्हणावं त्याला. मग पायजे तेवडं झोप."